‘वर्क’चं अडलेलं पान

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि उत्तराला उशीर झाला, म्हणून आधीच कान धरतो. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी शिवणाचं मशीन पायाने चालवू नका म्हणून सांगितलंय आणि तू चालवतेस, हे भावोजींनी पत्राच्या कडेला लिहिलेल्या ओळीवरून कळलं. मोटर बसवून घे. तिला तुझ्याइतका राग तरी येणार नाही.

इकडे सगळे बरे आहोत. लेक म्हणते अभ्यास चाललाय, तिची आई म्हणते अजिबात चाललेला नाही, आणि मी दोघींना हो म्हणून वेळ मारून नेतो.

आमचा शब्दकोश अखेर शेवटाला आला आहे. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ द्यायचं हे काम आम्ही सहा जणांनी सुरू केलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. मग एकेक जण गळाला. एक्स, वाय, झेड ज्या बाईंकडे होतं त्यांनी तर ते कधीच उरकलं आणि चांगली नोकरी बघून निघूनही गेल्या. आता त्या लांबलचक खोलीत मी आणि कार्डांच्या खणांची लाकडी कपाटं, एवढेच राहतो. आमचे संपादक, पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते जिन्यावरून पडल्यापासून घरीच असतात. मी केलेला मजकूर त्यांच्याकडे जातो आणि हिरव्या शाईतले शेरे अंगावर घेऊन परत येतो.

माझ्याकडे आता एकच शब्द उरलाय: ‘वर्क’. तू म्हणशील, वर्क म्हणजे काम, लिही आणि घरी जा. तसं असतं तर काय हवं होतं? माणूस वर्क करतो ते काम, पण औषध वर्क करतं तेव्हा ते लागू पडतं. कुलूप वर्क करेनासं झालं की ते बिघडलेलं असतं. घड्याळाच्या पोटातली चाकं म्हणजेसुद्धा वर्क्सच. चित्रकाराचं वर्क ही कृती आणि पुलाचं वर्क हे बांधकाम. पीठ मळतात ते वर्क, आणि खिळा हलून हलून ढिला होतो तेही वर्क. त्यात शेजारी उभे राहायला जॉब, लेबर, टास्क, एम्प्लॉयमेंट आहेतच. त्यांच्यासमोर आपले काम, नोकरी, श्रम, कामगिरी, रोजगार, चाकरी, धंदा, पेशा. घरच्या फोटोत नातेवाइकांना उभं करताना होतं तसं झालंय. एकाला पुढे घेतलं की दुसरा रुसतो.

कार्डं मांडतो, उठतो, खिडकीपाशी जातो, परत येऊन मोडतो. चहा किती होतो ते घरी सांगत नाही, तूही सांगू नकोस.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याकडे लक्ष दे आणि आहे तशीच माया राहू दे.

तुझा,
बारक्या

११ जून

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावर होते, म्हणून रात्रीचं जेवण झाल्यावर वाचलं. दुकान आणि घर यांच्यामध्ये जिनाच काय तो आहे, पण जिन्याच्या खाली असले की मी कामावर असते आणि तेव्हा तुझ्या भावोजींनी चष्मा कुठे ठेवलाय म्हणून हाक मारायची नाही, असा मी नियम केला आहे. निवृत्त माणसाला नियम लावून द्यावेच लागतात. दोन दिवस फुगून बसले, आता स्वतःचा चष्मा स्वतः शोधतात.

एका हॉटेलच्या पडद्यांची ऑर्डर अंगावर घेतली आहे आणि आता पस्तावते आहे. एकही खिडकी दुसरीसारखी नाही. शिवायला दोघी बायका आहेत, पण मापं घ्यायला भरवशाचं कोणी नाही. परवा एक पडदा वीतभर आखूड आला. माझं तोंड बघूनच दोघींनी आपापली मशीनं बंद केली. मोटरचं बघते म्हणून तुझ्या भावोजींना सांगितलंय, तूही तेवढ्यावर समाधान मान.

आता मुद्द्याचं. शब्दाबद्दल तू पानभर लिहिलंस, पण तो शब्द संपल्यावर तू काय करणार हे त्यात कुठेच नाही. संस्था तुला ठेवून घेणार आहे का? नसेल तर पुढचं काही बघितलंस का? लहानपणी निकालाच्या दिवशी तू शाळेत काय झालं ते सोडून वाटेत दिसलेल्या सगळ्या गोष्टी सांगायचास. या पत्रालाही तसाच वास आला.

चहा कमी कर. भावजयीला आणि माझ्या भाचीला आशीर्वाद. तुझ्यावरचा जीव कमी होणार नाही, पण उत्तर सरळ पाहिजे.

तुझी,
ताई

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरळ उत्तर देतो. संस्था ठेवणार नाही. ‘वर्क’ची मंजूर प्रत छापखान्यात गेली की माझी नोकरी संपली. खोली हिशेब विभागाला द्यायची ठरली आहे. त्यांचा एक माणूस मधूनच येतो, हात लांब करून भिंती मोजतो आणि मला चालू द्या, चालू द्या म्हणतो.

प्रयत्न करत नाही असं समजू नकोस. एका कॉलेजात ग्रंथालयाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. तिघंजण बसले होते, तिघंही माझ्या पुतण्याच्या वयाचे. मधल्याने विचारलं की आजवर तुम्ही काय काम केलंत. डोक्यात रात्रंदिवस तेच घोळतंय, त्यामुळे तोंडून निघून गेलं की कुठल्या अर्थी. ते एकमेकांकडे बघायला लागले. मग मी सावरायला म्हणून दोन-चार अर्थ सांगितले आणि उरलेली आशाही घालवली. घरी फक्त बघू म्हणालेत एवढंच सांगितलंय.

त्यानंतर हात पुन्हा कार्डांकडेच वळले. मन लागत नाही आणि सुटतही नाही. ‘वर्क’ मी एकदा संपवला होता. मास्तरांचा शेरा आला की यंत्राला ‘चालणे’ म्हणायचं की ‘काम करणे’, पुन्हा पाहावे. ते पाहिलं. मग शेरा आला की ‘कष्ट’ आणि ‘श्रम’ यांच्यामध्ये अर्धविराम का. तोही पाहिला, आणि पाहता पाहता मला आणखी एक अर्थ सापडला तो जोडून दिला. आता खोटं कशाला बोलू, हिरवा शेरा दिसला की मला हायसं वाटतं. आणखी एक आठवडा मिळतो.

आणि मास्तरांचंही बघायला हवं ना. डॉक्टर त्यांच्या सुनेला म्हणाले की समोर काम आहे म्हणून म्हातारा तग धरून आहे. मी ‘वर्क’ संपवला तर ते कोणाच्या जिवावर उठून बसतील? म्हणून घाई करत नाही. यात माझा स्वार्थ नाही असं म्हणत नाही, पण निव्वळ स्वार्थ आहे असंही नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
बारक्या

८ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहिते आहे हे यांना माहीत नाही. मी कधी असं केलेलं नाही, म्हणजे वेळ कशी आली असेल ते तुम्ही समजून घ्याल.

परवा छापखान्याचे मालक घरी आले होते. भला माणूस, पण फार चिडलेला. म्हणाले की अख्खा कोश जुळून तयार आहे, मधलं एक पान तेवढं मोकळं आहे, आणि त्या एका पानापायी छपाई होत नाही की बांधणी होत नाही. हे मात्र पाणी आणायला म्हणून आत गेले ते बाहेरच आले नाहीत. शेवटी पाणी मी दिलं. जाताना मालक दारात म्हणाले की वहिनी, तुमचे यजमान वाईट नाहीत, पण त्यांच्या हातून कागद सुटत नाही.

वन्सं, मला यांची नोकरी जाण्याची भीती नाही असं नाही. पण त्याहून हे असं बघवत नाही. जेवताना मध्येच उठतात. सांगितलेली वस्तू आणायला जातात आणि रिकाम्या हाताने येतात. रविवारीसुद्धा बूट घालून बसतात. लेकीने परवा विचारलं की बाबा कोणाची वाट बघतात का. आजपर्यंत घरात आम्ही यांच्या शब्दांची थट्टा करायचो आणि हे हसायचे. आता कोणी काम हा शब्द उच्चारला तरी बिचकतात.

मी बोलले तर त्यांना वाटेल मी पगारासाठी बोलते. तुमचं ते ऐकतात. लहानपणापासून तुमचा धाक आहे असं तेच सांगतात.

तुमच्या गुडघ्याला आराम पडो. आमच्यावर लक्ष ठेवा, तुमच्याशिवाय मी कोणाला सांगणार?

तुमची,
भावजय

१९ जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि आज फक्त आशीर्वादच, लाड नाहीत.

काल मी तुमच्या शहरात येऊन गेले. अस्तराचं कापड घ्यायचं होतं हे खरं, पण कापड इथेही मिळतं. घरी आले नाही, कारण तू मला वाटेत दिसलेल्या गोष्टी सांगत बसला असतास. मी सरळ तुझ्या मास्तरांकडे गेले. माझ्या भावाला एकेका अर्धविरामासाठी ताटकळत ठेवता, हे तुम्हाला शोभतं का, असं विचारायचं घोकूनच गेले होते.

त्यांच्या सुनेने आत नेलं. खिडकीशी पलंग, खिडकीच्या कट्ट्यावर हिरव्या शाईची दौत, आणि हातात हे एवढं भिंग. माझ्याकडे बघताना त्यांनी ते भिंग डोळ्याशी धरलं, तेव्हा मला कळलं की त्यांना फार दिसत नाही. मी तुझी बहीण म्हटल्यावर एवढे खूश झाले की माझं घोकलेलं सगळं विस्कटलं. तरी मी विचारलंच.

ते काय म्हणाले ते ऐक. म्हणाले की मजकूर मे महिन्यातच चोख झाला होता. पण मी होकार दिला की तुमच्या भावाची नोकरी गेली. त्याची मुलगी शिकते आहे. मी म्हातारा माणूस, दुसरं काय करू शकतो, आठवड्याला एक शंका काढू शकतो. एखादी शंका सुचली नाही की झोप लागत नाही, असंही म्हणाले.

मी थक्क झाले. मग मी त्यांना सांगितलं की माझा भाऊ नवे नवे अर्थ शोधत बसलाय तो तुम्ही उठून बसावं म्हणून. ते हसले आणि मग म्हणाले की बाई, मला ते पुस्तक हातात घ्यायचं आहे हो. अजून थोडं दिसतंय तोवर. पण हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

बारक्या, तुम्ही दोघं शहाणी माणसं एकमेकांवर दया करत बसलात आणि पुस्तक मध्ये लटकलं. त्यांच्या दयेत त्यांचं नुकसान आहे, ते त्यांनी मुकाट सोसलं. तुझ्या दयेत तुझी भीती मिसळली आहे, आणि हे मी तुला टोचायला म्हणत नाही. मलाही भीती वाटते. या वयात तुला कोण घेणार या विचाराने माझाही डोळा लागत नाही. पण एका माणसाची नजर चालली आहे आणि आपण त्याला थांबवून ठेवलंय. हे आपल्या घराच्या रीतीत बसत नाही.

मी त्यांच्याकडून शब्द घेतला आहे की यापुढे एकही शंका काढायची नाही. मोठ्या कष्टाने दिला. आता पाळी तुझी.

मजकूर दिलास की लगेच कळव. मी चिडले आहे, पण तुझीच आहे.

ताई

२३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी भयंकर राग आला. मला न विचारता तू तिथे जातेस काय, माझ्या घरातल्या गोष्टी सांगतेस काय. पत्र खिशात कोंबून तीन वेळा चौकापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या वेळी कळलं की राग तुझा नाही. मास्तरांना दिसत नाही हे मला दिसायला हवं होतं. शेऱ्यांतलं अक्षर गेल्या वर्षापासून मोठं मोठं होत चाललं होतं, आणि मी फक्त शेरा आला यातच खूश होतो.

आज सकाळी शेवटचे जोडलेले चार अर्थ काढून टाकले. ते नसते तरी कोणाचं अडलं नसतं. मजकूर मी स्वतः मास्तरांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग उचललंही नाही. दौत मागितली, मी सांगितलं त्या जागी ‘ठीक’ लिहिलं आणि माझा हात थोडा वेळ धरून ठेवला. तिथून छापखाना. मालकांनी कागद इतक्या घाईने ओढून घेतले की मला हसू आलं.

मग बायकोला सगळं सांगितलं, मुलाखतीसकट. ती म्हणाली, बरं झालं, आता जेवण तरी नीट होईल. मी पोटभर जेवलो. घाबरलेला आहे, पण जेवलो.

माया असू दे, आता तिची जास्तच गरज पडेल.

बारक्या

३० जुलै

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी मशीनपाशी बसून रडले. दोघी बायकांना वाटलं हॉटेलवाल्याने पडदे परत पाठवले. तुझे भावोजी नियम मोडून जिना उतरून खाली आले, त्यांना मी काही बोलले नाही.

शेवटच्या पगारानंतर काय, असा विचार करत बसू नकोस. काहीच जमलं नाही तर इथे ये आणि माझ्या खिडक्यांची मापं घे. तुझ्यासारखा एक खिडकी चारदा मोजणारा माणूस मला हवाच आहे, फक्त गिऱ्हाइकाला पडदा या शब्दाचे अर्थ विचारायचे नाहीत. मोटर बसवली. आवाज करते, पण गुडघा दुखायचा थांबला.

भावजयीला सांग, तिचं पत्र मला पोचलं होतं आणि तिने फार बरं केलं. सगळे जपून राहा आणि मला विसरू नका.

तुझी,
ताई

१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोश आला. पहिली बांधलेली प्रत छापखान्याच्या मालकांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, पळा आता. मी खरोखरच जवळजवळ पळत मास्तरांकडे गेलो.

त्यांनी तो मांडीवर घेतला. पाठीवरून, कडांवरून बराच वेळ हात फिरवला. मग मधलंच एखादं पान उघडून भिंगाने दोन ओळी वाचल्या आणि थकून भिंग खाली ठेवलं. मला म्हणाले, ‘वर्क’ काढा आणि मोठ्याने वाचा. मी सगळा वाचला, पहिल्या अर्थापासून शेवटच्या उदाहरणापर्यंत. त्यांची सून दारात उभी राहून ऐकत होती. वाचून झालं तेव्हा ते समाधानाने म्हणाले, एक अर्थ राहिलाय.

ताई, लाज वाटते, पण सांगतो. ते ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर आनंद. माझा हात आपोआप खिशाकडे गेला, कोऱ्या कार्डासाठी. आणखी एक आठवडा. मग लक्षात आलं की पुस्तक त्यांच्या मांडीवर आहे.

मी विचारलं, कुठला. ते म्हणाले, तुम्हीच शोधा. मी पडल्यापासून मला तो रोज आठवतो. माझ्या बाकीच्या शंका संपल्या की काढायचा म्हणून तो मी राखून ठेवला होता. पण तुमच्या बहिणीला शब्द दिला होता, मग काय करणार? आणि हसले. ज्या माणसाने आम्हाला अर्धविरामावरून उन्हातान्हात हिंडवलं, त्याने मला सांभाळायला एक अर्थ राखला आणि मला सोडायला तो कोशातून गळू दिला. मी म्हटलं, चूक राहिली की. ते म्हणाले, राहू द्या, पुढच्यांना काहीतरी लागेलच.

तिथून निघालो तो डोक्यात तेवढंच. पायांना घरी जा म्हणून सांगायचं राहिलं, त्यामुळे ते सवयीने संस्थेत गेले. आमच्या खोलीच्या दाराला नवं कुलूप. काचेतून आत पाहिलं तर हिशेब विभागाची टेबलं मांडलेली, आमची कपाटं कुठेच नाहीत. चहाचा डाग पडलेली खिडकीची कड तेवढी ओळखीची होती. नव्या रखवालदाराने विचारलं, कोण पाहिजे. मी म्हटलं, कोणी नाही, मी इथे होतो.

तेव्हा तो राहिलेला अर्थ सापडला. इंग्रजीत माणूस वर्कला जातो, छत्री वर्कवर विसरतो, मित्र वर्कवर भेटतात. वर्क म्हणजे ती जागा. तू जूनमध्ये मला लिहिलं होतंस की जिन्याच्या खाली असले की मी कामावर असते. मी ते वाचून हसलो आणि पुढच्या ओळीवर गेलो. कुलपाचा अर्थ लिहिला, खिळ्याचा लिहिला, पिठाचा लिहिला. ज्या खोलीत बसून लिहिले तिचं कार्ड करायचं राहिलं, कारण मी सगळा वेळ तिच्या आत होतो. मास्तरांना ते दिसलं, कारण ते बाहेर पडून होते. रखवालदारासमोर मला रडू आलं. तो बिचारा मला बसायला स्टूल शोधायला लागला.

कार्ड लिहिलं नाही. खिशात कोरं होतं ते लेकीला दिलं, तिने त्यावर तिच्या परीक्षेचं वेळापत्रक लिहिलं.

आता तुझ्या खिडक्यांबद्दल. त्या इतक्यात नकोत. छापखान्याच्या मालकांनी सोमवारपासून मुद्रितं तपासायला बोलावलं आहे. पक्कं काही नाही, आधी काम बघू म्हणाले. अट एकच, कुठलंही पान एका दिवसाच्या वर माझ्याजवळ राहता कामा नये. जमेल की नाही देव जाणे. रात्री उठून पाणी पितो, सकाळी बायको नवा डबा घासून ठेवताना दिसते आणि बरं वाटतं.

भावोजींना नमस्कार. लोभ कायम ठेव आणि पत्र लवकर टाक. सोमवारी आलं तर उत्तर रात्री लिहीन. दिवसभर मी कामावर असेन.

तुझा,
बारक्या